दोन मिनिटं माझ्याकडे द्या

आमच्या चुलत सासऱ्यांनी परवा भरल्या घरात जाहीर केलं, की पोरीत काही खोट नाही, खोट भरवणाऱ्यात आहे. भरवणारी मी.

प्रसंग नेहमीचाच. सगळे जेवायला जमलेले. चार वर्षांची आमची कन्या वाटीतल्या वाटाण्यांकडे अशी बघतेय, की त्यांनीच तिची काही कागाळी केली असावी. आणि भोवतीचा प्रत्येक जण आहारतज्ज्ञ. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ आणि ‘अगं, उपाशी ठेवतेस काय पोरीला’ हे दोन्ही सल्ले एकट्या सासूबाईंचे, एकाच जेवणातले. नणंद म्हणाली, मोबाइल लावून दे. जाऊबाई म्हणाल्या, मोबाइलमुळेच तर हे सगळं. मी चमचा धरून उभी. तेवढ्यात काका बाह्या सरसावून म्हणाले, “सरक बघू. दोन मिनिटं माझ्याकडे द्या.”

काकांनी नोकरीत असताना मोठमोठे संप मिटवलेत, असं काका सांगतात.

“हा वाटाणा नाही बरं का,” त्यांनी बोलणी सुरू केली. “हा हिरवा मोती आहे.”

“मोती खात नाहीत.”

“राजहंस खातात!”

“मग त्यांना द्या.”

पहिल्याच फेरीत बोलणी फिसकटली. काका खुर्ची पुढे ओढून बसले. “बरं, मग मीच खाऊन टाकतो हं! सगळे संपवतो! मग रडायचं नाही!”

“आ करा,” कन्या म्हणाली.

काकांनी आ केला. तिने दोन बोटांनी एक वाटाणा उचलला, फ्रॉकला पुसला, उजेडात धरून त्याला सुरकुती आहे का पाहिलं आणि काकांच्या तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. काकांना वाटलं, पोरगी खेळात आली, आता जिंकलोच. पाचव्या-सहाव्यानंतर ते “आता तू” म्हणायला लागले, तर तिने भुवया चढवल्या. “तोंडातलं आधी संपवा. बोलायचं नाही.” आवाज हुबेहूब माझा. “नीट चावा. पाणी नंतर.” काकांनी कवळी सावरली. “पुरे गं बाई,” ते म्हणाले, तर ही म्हणते, “शेवटचा घास.” त्या शेवटच्या घासानंतर आणखी बरेच शेवटचे घास झाले. ही लबाडीही माझीच.

वाटी रिकामी झाली. काकांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. “बघा! याला म्हणतात भरवणं!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! वाटाणे गेले कुणाच्या पोटात, याची चौकशी एकानेही केली नाही. सासूबाईंनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याही म्हणाल्या, “भाऊजींच्या हाताला गुणच आहे.”

मी सांगून पाहिलं. म्हटलं, पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, पण पुढे दोन ते पाच या वयात ते वर्षाला जेमतेम दोन किलोने वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही. शिवाय याच वयात नवा पदार्थ दिसला की मुलं बिचकतात. तोच पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, तेव्हा कुठे तो तोंडात जातो. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.” विषय संपला.

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नुकतंच दूध सुटलेल्या १५ मुलांना काय खायचं ते त्यांचं त्यांनाच ठरवू दिलं आणि १९३९ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. एकूण ३४ साधे, सकस पदार्थ. त्यांतले काही दर जेवणाला वेगवेगळ्या भांड्यांत समोर मांडायचे. एका पोराने म्हणे नाश्त्याला अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि कलेजी घेतली. दुसऱ्या एका जेवणात बरीच अंडी, केळी आणि दूध. तरी मुलं धडधाकट वाढली. अर्थात यादीत वाईट काही नव्हतंच, हे बाईंनी स्वतःच सांगून टाकलं. पण मी जिथे थबकले ती जागा वेगळी. मुलाशेजारी एक नर्स बसायची, हातात चमचा घेऊन, गप्प. मुलाने हात पुढे केला किंवा बोट दाखवलं, तरच चमचा भरायचा. आग्रह नाही, शाबासकी नाही, ‘आमच्या वेळी’ नाही. प्रयोग मुलांवर झाला असं सगळे म्हणतात. मला तर त्यात खरी कमाल मोठ्यांना गप्प बसवल्याची वाटते. आमच्याकडे तसा प्रयोग करायचा तर नर्स माणशी एक लागेल, आणि काकांना दोन.

आता काकांचंच बोलायचं तर काकांना वांगं चालत नाही. आजवर चाललेलं नाही. ते येणार म्हटलं की त्यांच्यासाठी वेगळी भाजी होते, मीच करते, आणि त्यांना कुणी हिरवा मोती, जांभळा मोती दाखवत नाही. रश्शात चुकून फोड आलीच, तर ते ती चमच्याने ताटाच्या कडेला नेऊन ठेवतात आणि सगळे समजुतीने दुसरीकडे बघतात. माझ्या मुलीने तेच केलं की ते नखरे, आणि त्याचा जाब मला. तिच्या बापाला नाही. तो शेजारीच बसून जेवत होता, दुसऱ्यांदा भात घेत होता. टाळ्या वाजवण्यात तोही होता.

सगळ्यांचं उरकत आलं, तेव्हा काका हात धुऊन परत आले आणि माझ्या ताटाशी थांबले. ताट वाढलेलं होतं तसंच होतं.

“हे बघा,” ते सगळ्यांना म्हणाले, “आईच भाजी टाकते. मग पोरगी काय शिकणार?”

मी अजून बसलेच नव्हते.