कुलकुल एकट्याने करायचा पदार्थ नाही

आज दुपारी दारात एक चौकोनी खोका. सोनेरी फीत, 'सीझन्स ग्रीटिंग्ज'चा स्टिकर, आत अडीचशे ग्रॅम कुलकुल, म्हणजे नाताळात करतात ते वळून तळलेले छोटे गोड खाऊ. बेल वाजली, दार उघडेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली. पाठवणारं घर कुठलं? आमच्याच डोक्यावरचं! एक जिना उतरायच्या ऐवजी नाताळ कुठल्या तरी गोदामाला वळसा घालून आला.

'अहो, भावना महत्त्वाची.' बरं. पण पाठवायला वस्तू कुठली निवडलीत? कुलकुल! एकट्यादुकट्याने होतच नाही असा पदार्थ, आणि तो बिनमाणसाचा पाठवायचा.

ज्यांनी केले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. अर्धा किलो मैदा, त्यात मूठभर बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे तुपाचं कडकडीत मोहन, एक अंडं आणि नारळाचं घट्ट दूध लागेल तसं. दूध एकदम ओतलंत की संपलं, पीठ सैल होतं आणि कंगव्यावरच्या रेषा तळताना पुसल्या जातात. करंजीच्या पिठाइतकं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, रवा फुगतो. साखर जास्त झाली तर बाहेरून करपून आत कच्चे राहतात. मोहन जास्त झालं तर कढईत भुगा.

मग सुपारीहून लहान गोळी घ्यायची, तेलाचं बोट लावलेल्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची. शेवटची कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडते. (कंगवा अर्थात नवा. घरोघरी तो कुलकुलांसाठीच राखून ठेवलेला असतो, आणि दर डिसेंबरात सापडत नाही. मग काट्याच्या पाठीवर.) गोव्यात यांना किड्यो म्हणतात, अळीसारखे दिसतात म्हणून. आवडतं मला ते नाव. स्टिकरवर कुणी छापणार नाही.

आता खरी गोम. अर्ध्या किलोचे दोनशेच्या वर कुलकुल होतात. एकटं माणूस बसलं तर तास-दीड तास जातो, आणि तेवढ्यात पहिले वळलेले सुकून त्यांच्या कडा सुटायला लागतात. फडक्याखालचं पीठही वरून खापरी धरतं. चार जणांत वीस-पंचवीस मिनिटांत वळून होतात आणि पाचवा मंद आचेवर तळायला मोकळा. शेजारीण काय हौसेने बोलावत नव्हते लोक, पीठ सुकत होतं म्हणून बोलावत होते! गप्पा आपोआप व्हायच्या. हात अडकलेले, तोंड मोकळं.

दोदोलचं, म्हणजे नाताळातल्या त्या मऊ गोड वडीचं, तेच. माडाचा काळा गूळ, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, आणि कडेने तेल सुटून गोळा भांडं सोडेपर्यंत तासन् तास ढवळणं. हात थांबला की तळाला लागलंच, आणि करपट वास सगळ्या गोळ्यात जातो. खांदा भरून आला की दुसऱ्याने डाव घ्यायचा. बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोव्याचा केक, मात्र एकट्या माणसाची. एक थर वरून तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, असे निदान सात थर. २०२३मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं. मिळू दे. थर मोजत ओव्हनसमोर बसणारं माणूस त्याने मिळत नाही.

मान्य, नोकरी करून कुणाला एवढा वेळ नसतो. हेही मान्य की गोव्यात, वसईत कितीतरी बायकांचं घर डिसेंबरातल्या ऑर्डरींवर उभं राहतं. घ्या की विकत त्यांच्याकडून! पण ताटात काढा, वर क्रोशाचा रुमाल टाका आणि स्वतः घेऊन जा. गोव्यात या ताटाला कोन्सुआद म्हणतात. ते शेजारच्या हिंदू घरी जातं, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि दिवाळीला तिकडून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, नि फराळ येतो. हिशोब कुणी ठेवत नाही, पण ताट परत करायला यावंच लागतं. खोका कुणी परत करतं का? तो ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वादात जातो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण कोन्सुआदची एक बाजू आठवली. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे नाताळचं गोडधोड करत नाहीत. त्या घरी ताट आठवणीने जातं. दारावर नक्षत्र, म्हणजे नाताळचा चांदणीचा कंदील, नाही, घरात तळणीचा वास नाही, आणि टेबलावर चार घरांच्या नेवऱ्या. काय बोलायचं ते सुचत नाही, तेव्हा रुमाल उचलून 'यंदा थोडे कडक झालेत हं' एवढं म्हटलं तरी चालतं. खोका पोचवणाऱ्या पोराला कसं कळणार कुठल्या दारी थांबायचं? त्याचा दोष नाही. बिचाऱ्याला पुढचे चाळीस पत्ते असतात.

तर तो खोका. खाल्ले शेवटी. सगळे एका मापाचे, रेषा अगदी सरळ, पण पाक फसलेला. दोन तारी हवा होता, कच्चाच राहिलाय, म्हणून बोटांना चिकटतात आणि खुसखुशीतपणा गेलाय. शिवाय गार व्हायच्या आत बंद केलेत, झाकणाला आतून ओल धरली होती. वरच्या घरातल्यांना हे माहीत असणं शक्य नाही, कारण त्यांनी खोका हातातसुद्धा धरलेला नाही.

त्यांना आत्ताच मेसेज टाकलाय: रविवारी चारला, आमच्याकडे. मैदा आमचा, नारळ तुमचा, कंगवे दोन आणा.

निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.