पंख्याचा हुक माणसासाठी नसतो

‘तिशीनंतरही एरियल सिल्क शिकता येतं. क्लासची गरज नाही. पंख्याच्या हुकाला मजबूत चादर बांधा, पाच मिनिटं लटकून बघा, हुक टिकला की तो सुरक्षित समजा. खाली गादी टाका. पहिल्याच आठवड्यात उलटं लटका. मुंग्या आल्या तर थांबू नका, शरीर तयार होतंय. रोज सराव करा.’

हा मजकूर सगळीकडे फिरतोय. एरियल सिल्क म्हणजे उंचावरून टांगलेल्या लांब कापडावर चढून, त्यात स्वतःला गुंडाळून केलेल्या कसरती. माझ्या धाकट्या बहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘ताई, आपला हुक चालेल का?’ नाही चालणार. पहिलं वाक्य खरं आहे म्हणून पुढची सगळी वाक्यं लोक खरी मानताहेत, आणि त्यातलं एक जीव घेऊ शकतं.

ते वाक्य हुकाचं. पाच मिनिटं शांत लटकलात तर हुकावर फक्त तुमचं वजन येतं. पण सिल्कवर कोणी शांत लटकत नाही. गुंडाळी सुटते, हात निसटतो, शरीर खाली येतं आणि कापड त्याला एकदम अडवतं. समजा ६० किलोचं शरीर ६० सेंटीमीटर खाली आलं. एवढ्या वजनाने कापड एरवी १० सेंटीमीटर ताणलं जात असेल, तर त्या झटक्यात भार वजनाच्या साडेचारपटीवर जातो, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. कापड ५ सेंटीमीटरच ताणलं जात असेल तर सहापट, ३६० किलो. शरीर मऊ असतं म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा उतरतो, पण दिशा तीच राहते: कापड जितकं ताठ, तितका झटका मोठा. सुती चादर फारच कमी ताणली जाते. शिवाय तिला एकदा चीर पडली की ती धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. सिल्क म्हणतात ते कापड बहुधा नायलॉन ट्रायकॉटचं असतं, स्वेटरसारखं फाशांनी विणलेलं आणि थोडं ताणलं जाणारं. ते उगाच निवडलेलं नाही.

पंखा काही किलोंचा असतो आणि सरळ खाली लोंबतो. माणूस झोके घेतो. झोका ६० अंशांपर्यंत गेला तर मधून जाताना भार दुप्पट होतो आणि दोन्ही टोकांना हुक तिरका ओढला जातो. सळई थोडी थोडी वाकते, काँक्रीटमधली पकड सैल होते, वरून प्लास्टर असल्यामुळे काहीच दिसत नाही. आज टिकलेला हुक पुढच्या महिन्यात निखळू शकतो, म्हणूनच ती पाच मिनिटांची चाचणी निरुपयोगी आहे.

तुलनेसाठी एकच आकडा देते. अमेरिकेतल्या बांधकाम कामगारांसाठी ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचा, १९२६.५०२ हा नियम आहे. पडणाऱ्या माणसाला अडवणारी दोरी जिथे बांधायची, त्या जागेने दर माणशी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो सोसले पाहिजेत. नाहीतर जाणकाराच्या देखरेखीखाली किमान दुप्पट सुरक्षा ठेवून ती यंत्रणा आखलेली हवी. हा नियम सर्कशीचा नाही, हे मान्य. पण त्या कामगाराच्या अंगावर हार्नेस, म्हणजे दोरीला जोडलेला सुरक्षा पट्टा, असतो. सिल्कवर शिकणाऱ्याच्या अंगावर तसा पट्टाही नसतो.

नीट बांधणी अशी असते: इंजिनिअरने तपासलेली तुळई, तिच्याभोवती गोल स्लिंग (भार पेलणारा पट्टा), मग लॉक होणारा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), स्विव्हल (कापडाला पीळ न पडता फिरू देणारा जोड), पुन्हा कॅराबिनर, रेस्क्यू एट (आठच्या आकाराची धातूची कडी), आणि त्यात मधोमध दुमडून अडकवलेलं कापड. कॅराबिनर आडवा फिरला की त्याची ताकद निम्म्याहूनही कमी होते. ईएन १२२७५ या युरोपीय मानकात साध्या कॅराबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन लागतात (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोंचा भार), आडव्या दिशेने फक्त ७. म्हणून प्रत्येक वेळी वर चढण्याआधी ही साखळी डोळ्यांनी तपासायची.

गादीबद्दल थोडक्यात. झोपायच्या गादीवर पाय मुरगळतो. पडणाऱ्याला झेलण्यासाठीच बनवलेली क्रॅश मॅट २० ते ३० सेंटीमीटर जाड असते, आणि डोक्यावर पडलात तर तीही मानेची हमी देत नाही.

पहिल्या आठवड्यात उलटं लटकणं? आधी खांदे कानांपासून खाली ओढून २० सेकंद लटकता आलं पाहिजे. मग कमरेइतक्या उंचीवर गाठ मारलेल्या कापडात, पाय जमिनीला टेकतील अशा बेताने, गुडघे छातीशी घेऊन सावकाश मागे कलायचं. पाय फेकून उलटं होणारे खांदा दुखावून घेतात. झोका न घेता वर जाता येत नसेल आणि तितकंच सावकाश परत येता येत नसेल, तर ती हालचाल अजून तुमची नाही. काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं व्हायचंच नाही.

आता मुंग्या. पायाच्या वरच्या बाजूला, गुडघ्यामागे काळेनिळे डाग पडतात, कापड घासून कातडी सोलवटते; त्यासाठी पूर्ण लांबीची लेगिंग घालतात. हे चालतं. बधिरपणा चालत नाही. फूट लॉकमध्ये, म्हणजे पावलाभोवती कापड आवळून उभं राहताना, पाऊल पांढरं पडलं की खाली यायचं. काखेत कापड किंवा ट्रॅपीझचा (सर्कशीतल्या झोक्याचा) दांडा रुतून हाताला मुंग्या आल्या तर मज्जातंतू दाबला जातोय. त्यानंतर मनगट वर उचलता येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अशा वेळी ‘थांबू नका’ म्हणणाऱ्याने कधी कोणाला शिकवलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

रोज सराव नको. स्नायू लवकर ताकद धरतात, स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध मागे राहतात, आणि मोठ्या वयात हे अंतर कोपराच्या आतल्या बाजूला दुखून जाणवतं. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून, एवढं पहिले काही महिने पुरतं.

क्लास शोधताना फी विचारण्याआधी हे विचारा: वरची जागा कोणी तपासली, केव्हा तपासली, कापड कधीचं आहे, आणि नवख्याला किती उंचीपर्यंत जाऊ देता. उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेही वर चढू नका.