दुसऱ्या व्हायोलिनची जागा

सुट्टीवर मुंबईला आले असताना नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात एका तरुण चेंबर ऑर्केस्ट्राची संध्याकाळची मैफल ऐकली. वीसेक वादक होते, बहुतेक कॉलेजच्या वयाचे, आणि समोर कंडक्टर नव्हता. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने १८२५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी आठ तंतुवाद्यांसाठी रचलेले ‘ऑक्टेट’ हा कार्यक्रमाचा मुख्य भाग होता.

निघण्यापूर्वी गिरगावच्या घरी वाद झालाच. आपल्या गवयांना श्रोते मिळत नाहीत आणि तुम्ही साहेबाच्या सारंग्या ऐकायला चाललात, असे काका म्हणाले. हा युक्तिवाद मला आता पटत नाही. मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९३५ मध्ये उभा केला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी व्हायोलिनचे ताफे हिंदी चित्रपटगीतांत असे मुरवले की, ते परके आहेत हे काकांच्याही कधी लक्षात आले नाही. उणीव निराळीच आहे. आपली तालीम एकट्याला घडवते; गुरूसमोर बसलेला शिष्य पुढे मैफलीचा मालक होण्यासाठीच शिकतो. त्यात काही गैर नाही, पण शेजाऱ्याच्या श्वासाबरोबर गज उचलायचा आणि स्वतःचा आवाज त्याच्या आवाजात विरू द्यायचा, ही विद्या त्यातून येत नाही. २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी बहुतांश वादक परदेशातून आणावे लागले, त्याचे एक कारण हेही असावे.

मी चौदा वर्षे लाइपझिगमध्ये राहते. जर्मनीत सार्वजनिक संगीतशाळा नऊशेहून अधिक आहेत, आणि माझ्या मुलीला तिथे स्वतंत्र शिकवणीबरोबरच लहानपणापासून वाद्यवृंदात बसवले गेले. तरीही तिथले सगळे हेवा करण्याजोगे नाही. सभागृहात माझ्या आजूबाजूला पांढऱ्या केसांचीच गर्दी असते, आणि एकाच रचनेच्या दोन भागांच्या मध्ये कोणी टाळी वाजवलीच, तर माना वळतात. एनसीपीएमध्ये पहिल्या भागानंतरच मनमोकळ्या टाळ्या पडल्या आणि वादक हसले. (मेंडेल्सोनच्या काळी अशा टाळ्या सर्रास पडत, हा धाक नंतरचा आहे.) श्रोत्यांत मुलांना घेऊन आलेले आईवडीलही बरेच होते.

म्हणजे श्रोते आहेत आणि हौसही आहे. नाही ती रोजच्या सरावाची जागा. मध्यंतरात एका वादकाच्या आईशी बोलणे झाले. वीस जणांना एकत्र बसता येईल अशी खोली परवडत नाही, म्हणून मुले रविवारी एका शाळेच्या वर्गात बाके सरकवून सराव करतात आणि वसई, ठाण्याहून चेलो घेऊन लोकलने येतात. आपले संगीत कोणते, यावर वाद घालण्यात जी शक्ती जाते, तिच्यातली थोडी महापालिका शाळांचे रिकामे वर्ग संध्याकाळी अशा मुलांना मिळावेत या मागणीसाठी खर्च झाली, तर तबला आणि हार्मोनियम शिकणाऱ्यांचीही सोय होईल.

पूर्वार्धात पुढे बसून सगळ्यांना इशारे देणारी मुलगी उत्तरार्धात दुसऱ्या व्हायोलिनच्या, म्हणजे पहिल्या व्हायोलिनला साथ देणाऱ्या गटाच्या, शेवटच्या रांगेत जाऊन बसली. घरी आल्यावर काकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “का, पहिल्या डावात चुकली काय?”