तलवार परत आली, वह्यांचं काय?

२०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. त्याच्या आदल्या वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला पाठवली होती. दोन्ही वेळेला इथल्या, लंडनमधल्या, आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांमध्ये एकच विषय होता : लंडनच्या कपाटांत आपलं अजून काय काय पडून आहे? तलवार आली याचा मला मनापासून आनंद झाला. लिलावात आपल्या राज्याने हात वर करावा, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीला स्वप्नातही सुचली नसती.

पण त्याच काळात मला महाराष्ट्रातून एक फोन आला, आणि तेव्हापासून या वारशाच्या चर्चेकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो आहे.

मराठवाड्यातले एक शिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, आयुष्यभर तिकिटं जमवत होते. देशोदेशींची रंगीत तिकिटं नव्हेत. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, १८६९पासून स्वतःची तिकिटं होती, आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड या भागांत तीच चालत. त्यांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगूबरोबर देवनागरीतही किंमत छापलेली असे. सरांचा जीव त्या तिकिटांत होता आणि तिकिटांपेक्षाही त्यांच्यावरच्या शिक्क्यांत. कुठल्या गावाचा शिक्का कुठल्या साली कसा होता, तो केव्हा बदलला, पत्र कुठल्या वाटेने गेलं, हे सगळं त्यांनी वह्यांत लिहून ठेवलं होतं. सर गेले. मुलगा फोनवर म्हणाला, “काका, लंडनमध्ये याला काय भाव येईल?”

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ट्रंका ठेवायच्या कुठे, हा त्याच्यापुढचा खरा पेच होता. शिवाय तिकिटांबद्दल आपल्याकडे बातमी येते तीच मुळी किमतीची. १९४८मध्ये गांधीजींची दहा रुपयांची जी तिकिटं निघाली, त्यांतल्या ‘सर्व्हिस’ असा छाप मारलेल्या चार तिकिटांची पट्टी २०१७मध्ये पाच लाख पौंडांना गेली, हे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. तो छाप का मारला, कुणासाठी मारला, आणि मोजकी तिकिटं उरली हे कुणी शोधून काढलं, याला दोन ओळीही मिळाल्या नाहीत. मग मुलाने भाव विचारला तर त्याला काय बोलायचं?

लंडनमध्ये भाव मिळतोच. पण या शहराने मला शिकवलं ते दुसरंच. सेंट पॅनक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत भिंतीलगत उभ्या चौकटी आहेत. मूठ धरून ओढली की एकेक चौकट बाहेर येते आणि काचेमागे तिकिटं दिसतात. प्रवेश मोफत. त्यातला मोठा भाग थॉमस टॅपलिंग या माणसाचा. घरचा व्यापार गालिच्यांचा, स्वतः खासदार, आणि १८९१मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला. जाताना त्याने सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला लिहून दिला. एकोणिसाव्या शतकात जमलेला एवढा मोठा संग्रह आजही न फोडता एकत्र आहे, असं दुसरं उदाहरण फारसं सापडत नाही. त्याच काळातल्या फेरारी या पॅरिसच्या संग्राहकाचं उलटं झालं. त्याचा संग्रह टॅपलिंगपेक्षाही मोठा होता. तो बर्लिनला मिळावा अशी त्याची इच्छा होती, पण पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने तो जप्त करून १९२१ ते १९२५च्या दरम्यान लिलावांत विकून टाकला. आज फेरारीचं नाव लिलावाच्या यादीत भेटतं. टॅपलिंगचं भेटतं ते मात्र चौकट ओढणाऱ्या शाळकरी पोरालाही.

इथे संग्राहकांचा मान ठेवायची एक रीतही आहे. १९२१मध्ये ‘रोल ऑफ डिस्टिंग्विश्ड फिलाटेलिस्ट्स’, म्हणजे नामवंत तिकीट-अभ्यासकांचा पट, सुरू झाला. नाव कोरायचं नाही, निवडलेल्या माणसाने त्या पटावर स्वतः सही करायची. पहिली सही राजे पाचवे जॉर्ज यांची. आधीच वारलेल्या काहींची नावं ‘फादर्स ऑफ फिलाटेली’ म्हणून लिहिली गेली. दरवर्षी जगभरातून मोजक्या अभ्यासकांना सहीसाठी बोलावतात. तिकीट-अभ्यासकांची इथली रॉयल फिलाटेलिक सोसायटी १८६९पासूनची. तिची दोन मोठी पदकं आहेत, टॅपलिंग आणि क्रॉफर्ड. लॉर्ड क्रॉफर्ड यांनी तिकिटांवरच्या पुस्तकांचं अफाट ग्रंथालय जमवलं आणि १९१३मध्ये तेही ब्रिटिश म्युझियमला दिलं. त्यांच्या नावाचं पदक मिळतं ते तिकिटं जमवल्याबद्दल नाही, तिकिटांवर मोलाचं लिहिल्याबद्दल. इथल्या मानाचा हा भाग मला सगळ्यात पटतो.

आता दुसरी बाजू. ज्या यादीची सुरुवात राजाच्या सहीने होते, तिच्यात साहेबलोकांची गर्दी असणार हे उघड आहे. वसाहतीत नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांना जी कागदपत्रं सहज हाताशी आली, ती परभणीच्या मास्तरला मिळणं शक्यच नव्हतं. आणि टपालाच्या बाबतीत इंग्लंड आज काही धडा द्यावा अशा स्थितीत नाही. रोजच्या वापराच्या तिकिटांवर बारकोड आले, आणि बिनबारकोडची तिकिटं ३१ जुलै २०२३नंतर पत्रावर चालेनाशी झाली. फर्स्ट क्लासचं तिकीट २०२५च्या एप्रिलमध्ये १ पौंड ७० पेन्स झालं. सेकंड क्लासची पत्रं आता दिवसाआड येतात. आपल्याकडे २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली तेव्हा लोक हळहळले, फॉरवर्डवर फॉरवर्ड आले. ती हळहळ खरी होती. फरक एवढाच की इथे पत्रांचं युग संपत असताना त्याचा हिशेब ठेवायची जागा आधीपासून तयार होती. आपल्याकडे हळहळ दोन-तीन दिवसांत विरली आणि ट्रंका तशाच राहिल्या.

या वह्यांमधून नेमकं काय कळतं, असं पुण्यातल्या माझ्या मित्राने विचारलं. तो इतिहासाचा वाचक आहे, पण तिकिटं म्हणजे पोरांचा नाद असं त्याचं मत. त्याला मी जुन्या शिक्क्यांबद्दल सांगितलं. १८५४नंतर भारतीय तिकिटं अदन आणि सिंगापूरलाही चालत. तिकिटावर नुसता आकडा उमटायचा, गाव लिहिलेलं नसायचं. १२४ म्हणजे अदन, मुंबई इलाख्यातलं. बी १७२ म्हणजे सिंगापूर, बंगालच्या खात्यातलं. आज ही ओळख पाठ म्हणून सांगता येते, पण ती पक्की झाली ती कुणीतरी शेकडो पाकिटं शेजारी शेजारी ठेवून आकडा आणि गावाचा शिक्का जुळवला म्हणून. आपल्या मुंबईतल्या जाल कूपर यांनी हेच केलं. हा पारशी गृहस्थ तिकिटांचा जाणकार. १९४२मध्ये त्यांचं भारतीय तिकिटांवरचं पुस्तक आलं, १९४८मध्ये जुन्या शिक्क्यांवरचं. आजही कुणी हा विषय उघडला की कूपरांचं नाव पहिल्या काही पानांत येतंच. मुंबईत त्यांच्या नावाने किती लोकांना काही आठवतं?

१८५४च्या चार आण्यांच्या तिकिटाचंही तसंच. कलकत्त्याला सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत दगडावरून छापलेलं, लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं, कागद दोनदा छपाईखाली जायचा. काही वेळा तो उलटा गेला आणि राणी उलटी छापली गेली. ही चूक कशी घडली आणि दगडावर कुठल्या जागी कुठलं डोकं होतं, याचा शोध स्मिथीज आणि मार्टिन या दोघांनी १९३०च्या ग्रंथात मांडला. त्यांतले स्मिथीज वनखात्यातले अधिकारी होते. काश्मीरच्या तिकिटांवर १९८३मध्ये पुस्तक लिहिणारे फ्रिट्स स्टाल हे तर वेदांचे आणि अग्निचयन या वैदिक यज्ञाचे नामांकित अभ्यासक. त्या माणसाला तिकिटं हा नाद वाटला नाही, याचा मला फार आधार वाटतो.

वारसा परत आणण्याच्या बाबतीत मॉरिशसचं उदाहरण आपण नीट पाहायला हवं. १८४७ची तिथली, ‘पोस्ट ऑफिस’ असे शब्द असलेली तिकिटं जगात जेमतेम सत्तावीसच्या आसपास उरली आहेत. ‘पोस्ट पेड’च्या जागी चुकून ‘पोस्ट ऑफिस’ कोरलं गेलं, ही दंतकथा संग्राहकांनीच कागदपत्रं तपासून खोडून काढली. जपानचे हिरोयुकी कानाई यांनी मॉरिशसच्या तिकिटांना आयुष्य वाहिलं. १९९३मध्ये त्यांचा संग्रह स्वित्झर्लंडमध्ये लिलावाला आला, तेव्हा मॉरिशसच्या बँकेने आणि उद्योगांनी वर्गणी काढून एक पेनी आणि दोन पेन्सची तिकिटं परत नेली, पोर्ट लुईसला त्यांच्यासाठी संग्रहालय बांधलं. आणि आपली मुंबई? जानेवारी १८५०मध्ये मॉरिशसहून मुंबईच्या बायबल सोसायटीच्या सचिवांना एक पत्र आलं, त्यावर एक पेनीची अशी दोन तिकिटं. १८९७मध्ये ते भारतातल्या बाजारात सापडलं. १९६८मध्ये न्यूयॉर्कला त्याला ३,८०,००० डॉलर मिळाले. तिकीटजगतात ते पत्र ‘बॉम्बे कव्हर’ म्हणूनच ओळखलं जातं. ते परत आणा असं मी म्हणत नाही, ते पत्र मॉरिशसचंही आहे आणि मालकाचंही. माझं म्हणणं एवढंच की उद्या असलं पत्र मुंबईच्या एखाद्या चाळीत सापडलं तर ते नेऊन द्यायचं कुठे, याचं उत्तर आजही आपल्याकडे नाही.

आपल्याकडे मान देतच नाहीत असं मुळीच नाही. कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथ यांच्यावर टपाल खात्याने १९९२मध्ये तिकीट काढलं. हवाई टपालाच्या नादातून या माणसाने रॉकेटने पत्रं पाठवायचे प्रयोग केले, १९३४ ते १९४४ या काळात दोनशेसत्तरच्या आसपास. सिक्कीमला तिथले राजे (चोग्याल) ताशी नामग्याल यांच्या पाठिंब्याने नदीपलीकडे टपाल गेलं. १९३५मध्ये तर एका रॉकेटमधून कोंबडा आणि कोंबडी सुखरूप उतरवली. संग्राहकाला तिकिटावर बसवणारा देश आपला आहे, याचा मला अभिमान आहे. सहावी ते नववीच्या मुलांना तिकिटांच्या अभ्यासासाठी वर्षाला ६,००० रुपयांची ‘स्पर्श’ शिष्यवृत्ती २०१७पासून मिळते. असली योजना मी इथे पाहिलेली नाही. उणीव आहे ती मधल्या जागेत, म्हणजे नववीतल्या मुलापासून तिकिटावरच्या चेहऱ्यापर्यंत जे आयुष्यभराचं काम होतं, त्या कामाला घर नाही.

आणि महाराष्ट्राने हे करू नये, हे मला सगळ्यात बोचतं. कारण हे आपलंच काम आहे. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरं काढली आणि बावीस खंड उभे केले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून तेच सांभाळतं आहे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं जमवली, आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं आणि ते सरकारच्या हाती दिलं. ज्या समाजाला मोडी कागदाचा तुकडा वाचवावासा वाटला, त्याला निजामाच्या टपालातून परभणीहून निघालेलं पाकीट परकं का वाटावं? साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, राहिलेले, तिथल्या छत्रपतींचं दत्तक मान्य करा म्हणून कंपनीशी वाद घातलेले बार्टल फ्रिअर यांनीच पुढे १८५२मध्ये सिंध डाक काढलं, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. वाघनखं देणाऱ्या घराण्याचे ग्रँट डफ त्याच खुर्चीवर आधी बसले होते. सातारच्या इतिहासात वाघनखांना जागा असेल, तर टपालाच्या या धाग्यालाही असली पाहिजे.

मित्राची शेवटची हरकत गंभीर होती. सरकारला दिलं तर वाळवी खाईल, त्यापेक्षा परदेशात विकलेलं बरं, निदान जपलं तरी जाईल. ही भीती मी उडवून लावत नाही. पण विकला गेलेला संग्रह जपला जात नाही, त्यातली चांगली पाकिटं जपली जातात. बाकी वीस-तीस रुपयांची पाकिटं, ज्यांच्यामुळे एका शिक्क्याची पंचवीस वर्षं कळतात, ती कुठेच जात नाहीत आणि वह्या रद्दीत जातात. लिलाववाल्याला वह्यांचा काही उपयोग नसतो. सरांचा खरा संग्रह त्या वह्यांतच होता.

म्हणून मी मुलाला भाव सांगितला, लपवला नाही. घरात पैशांची गरज असेल तर चार भारी पाकिटं विका, त्यात लाज वाटायचं कारण नाही, असंही सांगितलं. पण विकण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, वह्या आणि बाकीची पाकिटं एकत्र ठेवा. भारतीय टपालाचा अभ्यास करणारं इंडिया स्टडी सर्कल इथे १९५०पासून चालू आहे. त्यातले जाणकार वाचतील, उत्तर देतील. पण ते घर इथे असावं, हे मला मान्य नाही. नाशिक रोडला १९२५च्या सुमारास सरकारी छापखाना आला, त्यानंतर देशाची तिकिटं तिथेच छापली जाऊ लागली. १९२९ची हवाई टपालाची तिकिटंही तिथलीच. राज्य सरकार आणि टपाल खात्याने मिळून त्या गावात एक वास्तू द्यावी, जिथे संग्राहकाने स्वतःच्या हयातीत संग्रह लिहून द्यावा, त्याची यादी मराठीत छापली जावी, आणि कुणीही येऊन पान उघडून पाहावं. तलवारीसाठी राज्याच्या तिजोरीतून ४७ लाख निघू शकले. सरांच्या मुलाने सध्या ट्रंका विकायच्या थांबवल्या आहेत, आणि कुठे द्यायच्या हे तो मला दर महिन्याला विचारतो.