‘सरळ बस’ म्हटल्याने प्रत्येक पाठ सरळ होत नाही

‘मुलांना पोक येतं ते मोबाईल आणि दप्तरामुळे. खांद्याचा पट्टा २१ दिवस बांधा, पाठ सरळ होते. नाही झाली तर ऑपरेशनच.’ हा मेसेज आतापर्यंत चार ग्रुपवर आला. लिहिणाऱ्याने मुलाची पाठ बाजूने पाहिली असती तर बरं झालं असतं.

आधी कारण. मोबाईलवर मान घालून बसणाऱ्या मुलाला पोक दिसतं खरं, पण ते लवचिक असतं. पालथं झोपून छाती उचलायला सांगितली की जातं. वयात येताना दिसणारा दुसरा प्रकार म्हणजे श्युअरमन कायफोसिस (कायफोसिस म्हणजे पाठीला आलेला बाक, म्हणजेच पोक). डेन्मार्कच्या होल्गर श्युअरमन यांनी १९२० च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. यात मणक्यांची पुढची बाजू मागच्या बाजूइतकी वाढत नाही, मणके पाचरीसारखे होतात. मूल पुढे वाकलं की पाठीची गोलाई एका ठिकाणी टोकदार उठते आणि पालथं झोपूनही सपाट होत नाही. बाजूने काढलेल्या एक्स-रेत लागोपाठ तीन मणके प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त पाचरलेले दिसले, की निदान पक्कं. याचा दोष दप्तराला देऊन मुलाला रोज बोलणी खायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आता पट्टा. बाजारातला इलॅस्टिकचा पट्टा खांदे मागे ओढतो, आणि काढला की खांदे पुन्हा पुढे. पाचरलेल्या मणक्यांवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. डॉक्टर देतात तो ब्रेस, म्हणजे धडावर घालायचा कडक आधार, वेगळाच. तो मापाने बनवतात, त्यातली पॅड बाकावर नेमकी दाबतात. हाडांची वाढ शिल्लक असेल आणि बाक साधारण ५० ते ७५ अंशांचा असेल, तेव्हाच त्याचा विचार होतो (२० ते ४५ अंशांचा बाक निरोगी पाठीलाही असतो). तो दिवसाचे बहुतेक तास, वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ घालावा लागतो. २१ दिवसांचा हिशेब कुठून आला कोण जाणे! ब्रेस सुटल्यावर मिळालेली सुधारणा थोडी परत जाते, हेही घरच्यांना आधीच सांगायला हवं. वाढ संपल्यावर त्याचा उपयोग जवळजवळ उरत नाही, म्हणून ‘मोठा झाला की जाईल’ म्हणत थांबणं महागात पडतं.

व्यायामाने पाचरलेलं हाड बदलत नाही. पण पाठीचे स्नायू बळकट करणं आणि मांडीमागचे आखडलेले स्नायू मोकळे करणं, याने दुखणं खूप कमी होतं. बऱ्याच मुलांना एवढंच आणि अधूनमधून एक्स-रे पुरतो.

ऑपरेशनचा विषय साधारण ७५ अंशांपुढे, तोही दुखणं थांबत नसेल किंवा बाक वाढतच असेल तर. पायांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि ते ‘सरळ बस’! श्युअरमनमुळे पाठ आखडलेलं मूल ते ऐकून कंबर आत ढकलतं, कारण वरची पाठ हलतच नाही. मग संध्याकाळी कंबर दुखते म्हणून त्याच्यावरच ओरडा बसतो.