घोडबंदर रोडवर हमखास अपघात: होतकरूंसाठी मार्गदर्शन

ठाण्यात एवढी वर्षं गाडी चालवून तुमच्या बंपरला अजून एकही ओरखडा नसेल, तर दोष रस्त्याचा नाही, तुमचा आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत तुमच्यासाठी काय कमी केलंय? उड्डाणपूल आहेत, पूल उतरतो तिथेच सर्व्हिस रोडचा कट आहे, मेट्रोच्या कामाचे पत्रे आहेत, न्हावा-शेव्याकडून गुजरातला निघालेले ट्रेलर आहेत आणि या सगळ्यांत वाट काढणारी आपली ॲक्टिव्हा. एवढ्या सामग्रीवर घरी धडधाकट पोचायचं म्हणजे निव्वळ करंटेपणा.

देशाने या क्षेत्रात बरीच मजल मारली आहे. २०२२ साली सरकारी नोंदीप्रमाणे ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे तासाला एकोणीस. त्यांत दर शंभरी चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरचे. सगळ्यांत जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये होतात आणि ते वळणावर, घाटात होतात असा तुमचा समज असेल तर तो सोडा. निम्म्याहून जास्त सरळ रस्त्यावर होतात. वळण दिसलं की माणूस हळू होतो. सरळ, गुळगुळीत रस्ता दिसला की त्याला आपण वैमानिक असल्याचा साक्षात्कार होतो. तेव्हा जागा निवडताना गायमुखच्या चढावाचा हट्ट नको. पातलीपाड्याचा पूल उतरल्यावरचा पट्टाही चालेल.

सुरुवात सोप्या प्रकाराने करू: उलट दिशेने जाणे. तुमची सोसायटी इथे, यू-टर्न पुलाखाली पाचशे मीटर पुढे. जाऊन-येऊन एक किलोमीटर, ताशी तीसच्या वेगाने दोन मिनिटं. ही दोन मिनिटं वाचवलीत तर गेटवर पार्किंगवरून भांडायला निवांत वेळ मिळतो. सर्व्हिस रोडला कठड्याला चिकटून, हेडलाइट हाय बीमवर टाकून निघा. यातली खरी गंमत अशी, की गल्लीतून किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो, कारण एकेरी रस्त्यावर गाड्या येतात त्या उजवीकडूनच. तुम्ही येता डावीकडून. त्याने नियम पाळला म्हणूनच त्याला तुम्ही दिसत नाही. समोरून कोणी ताशी चाळीसने येत असेल, तुम्ही तीसवर असाल, तर मधलं चाळीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. रस्ते आखणारे इंजिनिअर धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. कमी पडलेला अर्धा सेकंद तुमचा. समोरच्याने हॉर्न वाजवलाच तर त्याच्याकडे रागाने बघायला विसरू नका. त्याला लायसन्स कोणी दिलं, असा चेहरा करा.

आता मुख्य विषय, ट्रेलर. इथे घाई करू नका, कारण दुचाकीवाल्यासाठी यापेक्षा खात्रीचा प्रकार नाही.

जड वाहनांना शहरात वेळेचं बंधन आहे. त्यामुळे वेळ सुटली की ती एकामागोमाग एक लागतात आणि चालकाला बंदी परत लागू व्हायच्या आत शहर ओलांडायचं असतं. हाच मुहूर्त धरा. कापूरबावडीच्या सिग्नलला चाळीस फुटी कंटेनर उभा असेल तर त्याच्या डाव्या अंगाने पुढे सरका आणि क्लीनरच्या दाराखाली, पुढच्या चाकाशी थांबा. त्या उंच केबिनमधून चालकाला दूरचा पूल दिसतो, पण डाव्या दाराखालची आणि नाकासमोरची जागा दिसत नाही. आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढी साधी परीक्षा आहे. ती घेऊ नका. सिग्नल सुटल्यावर त्याला डावीकडे वळायचं असेल तर तो आधी थोडा उजवीकडे जाईल. डावीकडे मोकळी जागा होईल, अगदी तुमच्यासाठीच केल्यासारखी. शिरा. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत येतात. पुढचं चाक तुमच्यापासून हातभर लांबून गेलं म्हणून तुम्ही निर्धास्त होता, आणि मागचं चाक थेट तुमच्या जागेवर येतं. चालकाला बहुतेक वेळा धक्काही जाणवत नाही. लोक ओरडले की कळतं.

सिग्नल नसेल तर पत्र्यांशेजारचा अरुंद पट्टा आहेच. साधी लेन साडेतीन मीटरची आणि ट्रेलर रुंदीला २.६ मीटरपर्यंत. उरले नव्वद सेंटिमीटर. स्कूटर हँडलपाशी सत्तरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर. एका बाजूला फिरतं चाक, दुसऱ्या बाजूला पत्रा. शिवाय पत्रे ज्या लोखंडी पायांवर उभे असतात ते पाय रस्त्यात थोडे पुढे आलेले असतात, नेमके स्कूटरच्या फ्लोअरबोर्डच्या उंचीला. वर बघत चालवणाऱ्याला ते दिसत नाहीत. फ्लोअरबोर्ड अडकला की गाडी जागच्या जागी फिरते आणि मागे बसलेला माणूस पडतो तो कायम चाकाच्या बाजूला. म्हणून मागे कोणीतरी हवंच. एका बाजूला पाय टाकून बसलेलं आणि मांडीवर डी-मार्टच्या दोन पिशव्या असतील तर फारच छान, धरायला हात उरत नाहीत.

पावसाळ्यात एवढी तयारी लागत नाही. पहिल्या सरीला रस्त्यावरची धूळ आणि गळलेलं ऑइल एकत्र येतं आणि तासभर तरी डांबरावर साबण फिरवल्यासारखं होतं. त्यात चौकातले झिजून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचा जाड रंग, पुलावरच्या जॉइंटची लोखंडी पट्टी आणि खोदकामावर टाकलेली पोलादी प्लेट. यांपैकी कशावरही चाक आलं की पुढचा ब्रेक करकचून दाबा, शक्यतो हँडल वळलेलं असताना. कोरड्या रस्त्यावर हाच ब्रेक सगळ्यांत कामाचा, म्हणून त्याची सवय बोटांना असतेच. वेग आधीच कमी करणं, प्लेटवरून गाडी सरळ ठेवून ब्रेक न दाबता जाणं, हे प्रकार घाबरटांसाठी.

खड्ड्याबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. माणूस फक्त खड्ड्यात पडून जात नाही, खड्डा चुकवतानाही जातो. डांबराचे थर चढत गेले आणि गटाराचं झाकण खालीच राहिलं की जो चौकोनी खळगा होतो, तो पाण्याने भरल्यावर दिसत नाही. पाच मीटरवर आल्यावर कळतो. त्या क्षणी मागे न बघता उजवीकडे झटका द्यायचा. मागून येणारा ट्रक उरलेलं पाहून घेतो. पंचनाम्यात खड्ड्याचं नाव येत नाही, कारण तुम्ही खड्ड्यात पडलेलेच नसता.

टायरकडेही लक्ष असू द्या. दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरच्या आणि चारचाकीची १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर बाद. खाच कशासाठी, तर चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला. पार गोटा झालेला टायर पाण्यावर तरंगतो. तो बदलायचे पैसे वाचवून मोबाइलचं नवं कव्हर घ्या.

हेल्मेट जरूर घ्या, पण कोपरात अडकवा. कोपराला इजा होता कामा नये. माजिवड्याला पोलीस दिसले की डोक्यावर ठेवायचं, पुढच्या नाक्यावर काढायचं. पट्टा लावू नका. पट्टा न लावलेलं हेल्मेट तुमच्याआधी जमिनीवर पोचतं आणि तुमचं डोकं मागाहून. खरेदी करताना आयएस ४१५१ असा हेल्मेटच्या सरकारी प्रमाणाचा शिक्का शोधत बसू नका, रस्त्याकडेला दोनशे रुपयांत अर्धी वाटी मिळते. आत थर्माकोलसारखा थर असतो, तो आपटल्यावर स्वतः दबून धक्का खातो, आणि एकदाच खातो. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट घरातल्या धाकट्याला द्या, वाया कशाला घालवायचं? चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधलेला पट्टा हवा, वेग चाळीसच्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. शाळेच्या वेळेला हिरानंदानीच्या गेटवर उभं राहून तो किती जणांना माहीत आहे ते बघा. मूल पुढे फ्लोअरबोर्डवर उभं असतं, हनुवटी हँडलच्या रेषेत.

फोन हेल्मेटमध्ये कानापाशी खोचून बोलायची कला आता सर्वांनाच साधली आहे. मेसेज वाचायचा असेल तर ताशी पन्नासला तीन सेकंद खाली बघा, तेवढ्यात बेचाळीस मीटर जातात. दारूचं फार सांगत नाही, ते तुम्ही शिकूनच आलेले असता. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही हद्द आहे, 'मी अगदी व्यवस्थित आहे' हे वाक्य त्याच्या बरंच पुढे गेल्यावर येतं. वेगाचंही एकच: चाळीसचे ऐंशी केले की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. साठच्या वेगाला गाडी सुरक्षित थांबायला ऐंशी मीटर लागतात, असं हिशेब सांगतो. नवी मुंबईच्या पाम बीच रोडला रात्री दोन वाजता हा हिशेब कोणी विचारत नाही.

तुम्ही ट्रकमालक असाल तर तुमच्याकडून वेगळी अपेक्षा आहे. गाडी बंद पडली की ती उजव्या लेनमध्येच राहू द्या. मागचे दिवे चिखलाने माखलेले असावेत, रिफ्लेक्टरची पट्टी सोललेली. लाल त्रिकोण ठेवण्याऐवजी बाजूच्या झाडाची फांदी तोडून मागच्या बाजूला खोचा आणि तीन मीटर अंतरावर चार दगड मांडा. तीन मीटरवरचे दगड दिसेपर्यंत ट्रकही दिसतोच, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही. दुरुस्ती झाली की फांदी टाकून निघा, दगड मात्र तिथेच ठेवा. ट्रकपेक्षा ते जास्त उपयोगी पडतात, कारण ट्रक निदान दिसत तरी होता.

पादचाऱ्यांनी दुभाजकाची जाळी वाकवून केलेल्या फटीतून यावं, काळे कपडे घालून, मेट्रोच्या खांबाआडून. बस्स.

आणि अपघातांना आळा घालायची हुक्की आलीच, तर स्वखर्चाने गतिरोधक बांधा. त्याचं एक प्रमाण ठरलेलं आहे: १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, वर काळे-पांढरे पट्टे आणि चाळीस मीटर आधी सूचनाफलक. एवढ्या सावकाश चढावरून ताशी पंचवीसने गाडी न उडता जाते, यात काय मजा? रस्त्याचं काम करून उरलेलं काँक्रीट रात्री आणवा, फूटभर रुंद आणि वीतभर उंच ढीग लावा, रंग बिलकुल नको. पहिल्या आठवड्यात मागे बसलेली माणसं उडतील ती उडतील. नंतर स्थानिकांना पाठ होतो आणि फक्त परगावचे पडतात.

एवढं सगळं जुळून आल्यावर पुढे काय करायचं, तेही बघून ठेवा. आधी मोठी गाडी कोणाची ते ठरवा आणि तिच्या चालकाला खाली ओढा. चूक कोणाची हा तपशील नंतरचा. मग व्हिडिओ. १०८ ला फोन करायला प्रत्येकाने दुसऱ्याची वाट बघावी. जखमीचं हेल्मेट ओढून काढा, मानेला झटका बसला पाहिजे. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओता. हातपाय धरून रिक्षात कोंबा. कोणी 'पोलिसांचं लचांड मागे लागेल' म्हणाला तर मान हलवा. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही, ही मोटार वाहन कायद्यातली १३४अ ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली, हे तिथे मोठ्याने सांगून लोकांचा मूड घालवू नका. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची २०२५ ची योजनाही अशीच. डिपॉझिटसाठी नातेवाईक येईपर्यंत तास निघून जातो, तोच पहिला तास.

'काळच आला होता' हे वाक्य मात्र सगळ्यांनी म्हणायचं. ते म्हटलं की कट बंद करायला नको, झाकण वर उचलायला नको, दिव्याचा बल्ब बदलायला नको. राष्ट्रीय महामार्गावर पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की त्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात. तोवर ती नुसती जागा. चौथ्या अपघातानंतर तक्रार करणाऱ्याने धीर धरावा, एवढंच.

तेराव्याच्या आत श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावा, आणि लावायचा तो त्याच कटवर, सर्व्हिस रोडवरून बाहेर पडणाऱ्याच्या उजव्या हाताला. वर नगरसेवकाचा फोटो, खाली मित्रमंडळ. आकार निदान दहा बाय आठ घ्या. लहान घेतलात तर मागून येणारा ट्रेलर लोकांना वेळेत दिसायचा धोका राहतो.