खुलासा : मॅनहॅटनचे टॉवर कातळ पाहून उभे राहिले नाहीत

न्यूयॉर्कच्या फोटोंखाली एक दावा सतत फिरतो : मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आणि मिडटाउनमध्ये कातळ उथळ आहे, म्हणून गगनचुंबी इमारती तिथेच, या दोन भागांमधल्या पट्ट्यात तो खोल, म्हणून तिथे ठेंगण्या. ऐकताच पटावं असं हे स्पष्टीकरण आहे, पण ते चुकीचं आहे.

मध्ये कातळ खोल जातो, एवढं खरं. पण सिटी हॉलच्या परिसरातही तो बराच खोल आहे, आणि सुरुवातीचे कित्येक टॉवर तिथेच झाले. १९१३ची २४१ मीटर उंच वूलवर्थ बिल्डिंग, तेव्हाची जगातली सर्वांत उंच इमारत, तिथलीच. दाबाखालची हवा भरलेल्या कॅसनमध्ये, म्हणजे तळ उघडा असलेल्या बंदिस्त पेटीत, उतरून मजुरांनी कातळापर्यंत खोदाई केली. फार जिवावरचं काम होतं ते; त्याची आठवण क्वचितच निघते. शिकागोत तर वरच्या थरात मऊ चिकणमाती, तरीही १८८५ साली पहिली गगनचुंबी इमारत मानली जाणारी होम इन्शुरन्स बिल्डिंग उभी राहिलीच.

अर्थतज्ज्ञ जेसन बार आणि सहकाऱ्यांनी १८९० ते १९१५ या काळातल्या मॅनहॅटनच्या इमारती तपासल्या. कातळाच्या खोलीचा परिणाम त्यांना किरकोळच आढळला. खरं कारण मागणीचं. वॉल स्ट्रीटजवळ बँका आणि विमा कंपन्या होत्या, मिडटाउनला पेन स्टेशन आणि ग्रँड सेंट्रल ही मोठी रेल्वे स्थानकं. मधल्या पट्ट्यात स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या चाळी आणि कारखाने होते. तिथे चाळीस मजली ऑफिस बांधलं असतं, तर भाड्याने घेणार कोण?